रूमिंग लिस्टच्या मागच्या बाजूला

मी टूर मॅनेजर आहे, युरोपच्या टूर्स करतो, एप्रिल-मे म्हणजे आमचा सीझन. चाळीस मराठी माणसं, एक बस, एक इटालियन ड्रायव्हर आणि मी. कुणाचं पित्त, कुणाचा हरवलेला पासपोर्ट, कुणाला दुपारी वरणभात हवा, हे सगळं माझ्याच गळ्यात. रोमहून पाँपेई बघून परत रोम हा दिवस तर मी इतक्या वेळा केलाय की झोपेत पण कॉमेंट्री देईन. वाटेत डावीकडे डोंगरावर मोंते कॅसिनोचा मठ दिसतो, तिथे माझं एक ठरलेलं भाषण आहे, दुसऱ्या महायुद्धात इथे चार लढाया झाल्या, १५ फेब्रुवारी १९४४ ला विमानांनी बॉम्ब टाकून मठ पाडला, नंतर तसाच पुन्हा बांधला, आणि आता पुढच्या स्टॉपला वॉशरूम. झालं.

त्या ग्रुपमधे एक काका होते, अठ्ठ्याहत्तर वयाचे, मुलगा-सून आणि नववीतला नातू बरोबर. पहिल्या दिवसापासून बसमधे सगळ्यात आधी हजर, बॅग स्वतः उचलणार, मला हात लावू देणार नाहीत. आदल्या रात्री जेवण झाल्यावर माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "सर, उद्या कॅसिनोवरून जाणार ना आपण? तिथे अर्धा तास थांबता येईल का? आमच्या रेजिमेंटच्या एका माणसाला भेटायचंय." मी म्हटलं काका तिथे कोण राहतं तुमचं? तर म्हणाले, "राहत नाही, नाव आहे. यशवंत घाडगे." मग हळूहळू कळलं की काका मराठा लाइट इन्फंट्रीतले रिटायर्ड सुभेदार आणि माणगाव तालुक्यातले.

आता खरं सांगतो, मी महाडचा. कॉलेजला मुंबईला होतो तेव्हा एसटी माणगावला थांबली की वडापाव घ्यायला उतरायचो. माणगावात घाडग्यांचा पुतळा आहे. तो मी कितीदा पाहिला असेल, पण मला वाटायचं कुणीतरी आमदार-बिमदार असतील जुने, नाव वाचायचे कष्ट कधी घेतले नाहीत.

प्रोग्रॅम सोडून कुठे थांबायचं नाही असा ऑफिसचा सक्त नियम, फोन केला असता तर नाहीच म्हणाले असते म्हणून केलाच नाही. ड्रायव्हरला विचारलं. त्यांना तसाही नियमाने ब्रेक घ्यावाच लागतो, तो म्हणाला हायवेवरच्या कॉफीच्या स्टॉपऐवजी तिथे घेतो, पण क्वारांता चिंक्वे, पंचेचाळीस मिनिटं, एक मिनिट जास्त नाही. म्हटलं डन.

सकाळी बसमधे माईक हातात घेतला. रात्री फोनवर थोडंफार वाचलं होतं, तेवढ्यावर ठोकून दिलं की आज आपण आपल्या रायगडच्या एका वीराला वंदन करायला थांबणार आहोत, ज्याने समोरच्या याच डोंगरावर प्राण दिले वगैरे वगैरे. तिसऱ्या सीटवरून शांत आवाज आला, "सर, चुकताय. कॅसिनो मे महिन्यात पडलं. घाडगे १० जुलैला गेले, रोमच्याही वर, टायबर नदीच्या खोऱ्यात." माईक चालूच होता. मी म्हटलं बरोबर काका, सॉरी, आणि माईक सरळ त्यांच्याच हातात दिला, पण त्यांनी तो परत केला. मग नाव इथे कसं हे मीच विचारलं, तर म्हणाले, "त्यांची कबर माहीतच नाही कुठे ते. इटलीत जे गेले आणि ज्यांना कबर नाही, त्यांची नावं इथे कोरलीत."

मागून लगेच एकांचा आवाज, आम्ही पाँपेईचे पैसे भरलेत हो. आणि एका मावशींचा, तिथे वॉशरूम आहे का?

मठ वर डोंगरावर आणि खाली दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश आणि कॉमनवेल्थ सैनिकांची सिमेट्री. गवत इतकं नीट कापलेलं की आपल्या लोकांना चप्पल काढावी की नाही तेच कळेना, दोघीतिघींनी खरंच काढल्या. पांढऱ्या दगडांच्या रांगाच रांगा, चार हजारांच्या वर कबरी आहेत. आणि मधे पाण्याचा लांब हौद, त्याच्या दोन्ही बाजूंनी हिरवट संगमरवराचे उंच खांब, त्यावर सगळी नावंच नावं.

फिफ्थ मराठा लाइट इन्फंट्रीचा खांब सापडला पण त्यात घाडगे सापडेनात. मी आणि तो नातू 'जी' मधे शोधतोय, वरून खाली, खालून वर, घड्याळात बारा मिनिटं गेलेली आणि मला घाम फुटलेला, एवढं सगळं करून नाव नाहीच निघालं तर काय तोंड दाखवू. मग पोराच्याच लक्षात आलं की आपल्या लोकांची नावं इंग्रजांनी आडनावावरून लावलेलीच नाहीत, पहिल्या नावावरून लावलीत. म्हणजे 'वाय'. पार शेवटी. आणि होतं, पुढे व्ही.सी. लिहिलेलं, म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक. शोधताना वाचलेली बाकीची नावं मात्र डोक्यातून जाईनात, शिंदे, जाधव, मोरे, एखाद्या गावाची मतदार यादी वाचावी तसं, फक्त स्पेलिंगं साहेबाच्या कानाला ऐकू आली तशी.

काका एक शब्द बोलले नाहीत. नातवाने विचारलं, आजोबा यांनी केलं काय होतं? तेव्हा अगदी रिपोर्ट दिल्यासारखं सांगितलं. घाडगे हुद्द्याने नाईक होते, एका सेक्शनचे म्हणजे छोट्या तुकडीचे कमांडर, वय बावीस. जवळून मशीनगनचा फायर आला आणि ते सोडून सेक्शनमधला प्रत्येक जण मेला नाहीतर जखमी झाला. हे एकटेच टॉमीगन चालवत पळत त्या मशीनगनवर गेले. ग्रेनेड टाकला, गन आणि गन चालवणारा दोन्ही संपले. त्यांच्यातल्या अजून एकाला गोळी घातली. दोन उरले. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता. "मग बंदूक अशी नळीकडून धरली," काकांनी हातातली काठी उलटी धरून दाखवली, "आणि त्या दोघांना दस्त्याने मारलं. एकट्याने पोस्ट घेतली. मग लपलेल्या स्नायपरनी छातीत आणि पाठीत गोळ्या घातल्या. घेतलेल्या पोस्टमधेच गेले." मग थोडं थांबून, "मेडल बायकोने घेतलं, दिल्लीला, व्हाइसरॉय वेव्हेलच्या हातून." काठी अजून उलटीच होती, सुनेने हळूच सरळ करून दिली.

मला तेव्हा नळीचंच डोक्यात आलं, एवढा फायर केल्यावर ती तापलेली असणार ना. विचारलं नाही.

काकांना त्या नावाचा ठसा हवा होता. कागद? माझ्याकडे फक्त हॉटेलची रूमिंग लिस्ट, कोण कुणाबरोबर खोलीत ती यादी, तीच उलटी करून दगडावर धरली. पेन्सिल कुणाकडेच नाही, शेवटी वॉशरूमवाल्या मावशींनी पर्समधून भुवयांची पेन्सिल काढून दिली. हे नियमात बसतं की नाही देव जाणे. काकांचा हात थरथरत होता म्हणून नातवाने घासलं, मी कागद दाबून धरला, आणि त्या तपकिरी रंगातून एकेक अक्षर पांढरं वर यायला लागलं. ते बघायला ग्रुपमधले बरेच जण गोळा झाले, काहींच्या हातात अजून चिवड्याची पाकिटं.

मग काका खांबासमोर सावधान उभे राहिले. सॅल्यूट केला. आणि अगदी हळू, जवळजवळ स्वतःशीच म्हणाले, बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की. आता आपल्याकडे हे ऐकल्यावर कुणी गप्प बसतं का, मागून वीस-पंचवीस जणांचं "जय" आलं, मोठ्ठं, चिवडावाल्यांचं पण, मी पण. पलीकडे एक गोरं म्हातारं जोडपं कबरीवर फुलं ठेवत होतं. मला वाटलं आता हे चिडणार. ते दोघे होते तिथेच उभे राहिले फक्त.

पंचेचाळीसची सत्तावन्न मिनिटं झाली. ड्रायव्हर धुमसत होता, पण काका बसमधे चढताना त्याने त्यांचा दंड धरला. पाँपेईचा गाइड ताटकळत बसलेला, त्याचे जास्तीचे पैसे मी खिशातून दिले, ऑफिसला अजून सांगितलेलं नाही. परतीच्या वाटेवर पैसे भरलेवाल्या काकांनीच मला बोलावून विचारलं की तिकडे वर टायबरच्या बाजूला घाडग्यांचं काही आहे का. मोंतोने गावात २०२३ साली त्यांच्या नावाने सूर्यघडीचं स्मारक झालंय, हे काल रात्रीच्या वाचनातलं एवढं मात्र बरोबर सांगता आलं. मग म्हणाले, ते नाही का घेत तुमच्या प्रोग्रॅममधे?

रात्री रोमला हॉटेलवर पोचलो, रिसेप्शनवरच्या मुलीने रूमिंग लिस्ट मागितली. फाइलमधे हात घातला, लिस्ट नाही. ती सुभेदार साहेबांच्या बॅगेत, शर्टांच्या घडीत. चाळीस माणसं लॉबीत सामान घेऊन उभी, आणि मी फोनमधे लिस्टचा फोटो शोधत बसलो.