रोममध्ये राहायला जागा शोधताना

रोमच्या जुन्या वस्तीतल्या अनेक लहान हॉटेलांना स्वतःची इमारत नसते, हे मला पहिल्या खेपेला ठाऊक नव्हते. रस्त्यावर एक भलामोठा लाकडी दरवाजा असतो, त्याच्या कडेला घंटीच्या पितळी बटणांची पाटी असते आणि वकील, दंतवैद्य, चार-सहा बिऱ्हाडे यांच्या नावांमध्ये हॉटेलचे नाव बारीक अक्षरांत लिहिलेले असते. आत चौक लागतो, चौकातून दोन-तीन जिने वर जातात आणि त्यांपैकी एकाच्या तिसऱ्या मजल्यावर सात-आठ खोल्यांचे हॉटेल थाटलेले असते. लिफ्ट असली तर ती बहुधा जिन्याच्या मधल्या पोकळीत नंतर बसवलेली, जाळीच्या पिंजऱ्यासारखी असते. तिची दोन्ही दारे हाताने लावल्याशिवाय ती हलत नाही, आणि एका माणसाबरोबर एक बॅग एवढीच तिची ऐपत असते. पुण्यात जुन्या वाड्यात वाढल्यामुळे असेल, पण त्या चौकात पाऊल टाकताच मला ती जागा ओळखीची वाटली.

अशा घरगुती हॉटेलांना पूर्वी ‘पेन्सिओने’ म्हणत. अधिकृत वर्गवारीत तो शब्द आता उरलेला नाही आणि त्यांतली बहुतेक एक, दोन किंवा तीन तारे लावून बसली आहेत. इटलीत तारे सोयींवरून मिळतात, जागेच्या देखणेपणावरून मिळत नाहीत. त्यामुळे उंच छत, जुनी फरशी आणि लाकडी झडपांच्या खिडक्या असलेली सुरेख खोली दोन ताऱ्यांच्या हॉटेलात मिळू शकते, आणि चार ताऱ्यांच्या हॉटेलातली खोली जगात कुठेही शोभेल इतकी निर्विकार असू शकते. कमी पैशांत रोममध्ये छान राहता येते असे मी ठामपणे म्हणते, ते या अनुभवावरून.

अर्थात पहिल्या खेपेला मी चुकलेच. मुख्य रेल्वे स्थानकाजवळचे एक हॉटेल केवळ फोटो पाहून घेतले. खोली रस्त्याच्या बाजूला होती आणि पहाटे पाचला काचेच्या बाटल्यांचा कचरा उचलायला येणाऱ्या गाडीने आम्हा दोघांना चारही दिवस जागे केले. तेव्हापासून खोली ठरवताना मी ‘कोर्तिले’ म्हणजे आतल्या चौकाच्या बाजूची खोली मिळेल का, हे आधी विचारते. दृश्य मिळत नाही, पण झोप मिळते. दोन इटालियन शब्द आणखी लक्षात ठेवावेत: ‘मात्रिमोनियाले’ म्हणजे एकच मोठा पलंग आणि ‘दोप्पिया’ म्हणजे दोन स्वतंत्र पलंग. आईबरोबर किंवा मैत्रिणीबरोबर जाणाऱ्याने हा फरक पत्रातच स्पष्ट करावा.

दुसऱ्या खेपेला मी आईला घेऊन फेब्रुवारीत गेले आणि आम्ही आवेंतीनो टेकडीवर ख्रिस्ती जोगिणींच्या मठातल्या अतिथिगृहात राहिलो. रोममध्ये अशी कितीतरी अतिथिगृहे आहेत. त्यांना ‘कासा पेर फेरिए’ म्हणतात, आणि आमच्या ठिकाणी धर्म कोणी विचारला नाही. खोलीत दोन अरुंद लोखंडी पलंग, पांढऱ्या चादरी, एक टेबल आणि भिंतीवर क्रूस एवढेच होते. टीव्ही नव्हता, चहाची किटलीही नव्हती. पहाटे पाचला चहा लागणाऱ्या आईची पंचाईत होईल, या काळजीने मी पहिल्या रात्री स्वागतकक्षातल्या वृद्ध सिस्टरना खाणाखुणा करून गरम पाण्याचे विचारले. दुसऱ्या दिवसापासून आमच्या दाराबाहेरच्या स्टुलावर झाकण लावलेला थर्मास ठेवलेला असे. दोघींच्या खोलीचे न्याहारीसह रोजचे ९० युरो पडले. रात्री अकराला फाटक बंद होत असे. ज्यांना उशिरापर्यंत फिरायचे आहे त्यांना हा नियम जाचक वाटेल, आम्हाला वाटला नाही. पाच मिनिटांवर संत्र्यांची बाग होती, झाडे फळांनी लगडलेली होती आणि कठड्यापाशी उभे राहिले की नदीपलीकडे सेंट पीटरचा घुमट दिसे. चढ मात्र आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी तो हिशेबात धरावा.

वस्ती निवडताना माझे मत असे की खोली थोडी लहान चालेल, पण संध्याकाळी पायी परतता आले पाहिजे. मोंती, तेस्ताच्चो आणि त्रास्तेवेरेचा नदीपासून आत गेलेला भाग मला आवडतो. त्रास्तेवेरेला आणखी एक फायदा आहे: फ्युमिचिनो विमानतळावरून थेट तेर्मिनी या मुख्य स्थानकाला जाणाऱ्या जलद गाडीचे तिकीट १४ युरो आहे, तर त्रास्तेवेरेला थांबणारी साधी लोकल ८ युरोंत नेते. गल्ल्यांमध्ये मात्र काळ्या दगडांची फरसबंदी आहे, तिच्यावर चाकांची बॅग ओढणे हा मोठाच व्यायाम आहे.

खर्च मांडताना शहराचा मुक्कामकर विसरू नये, कारण तो बहुधा खोलीच्या दरात धरलेला नसतो आणि निघताना वेगळा द्यावा लागतो. ऑक्टोबर २०२३ पासून तीन ताऱ्यांच्या हॉटेलात तो माणशी दर रात्री ६ युरो आहे, म्हणजे पाच रात्रींचे दोघांचे ६० युरो झाले. दहा वर्षांखालील मुलांना तो माफ आहे. २०२५ पासून प्रत्येक मुक्कामाच्या जागेला ‘आयटी’ या अक्षरांनी सुरू होणारा राष्ट्रीय ओळख क्रमांक जाहिरातीत देणे बंधनकारक झाले आहे. तो दिसला नाही तर मी ती जागा सोडून देते.

आपल्याकडच्या प्रवाशांची खरी गफलत व्हिसाच्या वेळी होते. इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाच्या अर्जाला मुक्कामाचे आरक्षण जोडावे लागते, म्हणून घाईत जे दिसेल ते घेतले जाते आणि पुढे तेच कायम राहते. मी अर्जासाठी विनाशुल्क रद्द करता येणारे आरक्षण करते, आणि व्हिसा हातात पडल्यावर निवांत बसून पाच-सहा लहान हॉटेलांना आणि मठांना थेट ईमेल पाठवते. तारखा, माणसे, पलंग, चौकाची बाजू, लिफ्ट आहे की नाही, एवढे चार ओळींत लिहिले की पुरते. मठांकडून उत्तर यायला आठवडा लागतो, कधी ते केवळ इटालियनमध्ये येते, पण येते. आईच्या खोलीचे असेच आले होते, आणि त्याच्या शेवटी न विचारता लिहिलेले होते की खोली पहिल्या मजल्यावर आहे, जिन्याला अठरा पायऱ्या आहेत आणि कठडा उजव्या हाताला आहे.