माणसं कुठायत रे?

दुपारी एकच्या सुमाराला मी चिखलाचे बूट चढवून बाहेर पडतो, एक फोटो काढतो आणि आईला पाठवतो. वाईला तेव्हा दिवेलागणीची वेळ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात, मग माझा फोटोही तिकडे तासभर उशिरा पोचतो आणि दरवर्षी त्या पहिल्या दिवशी हमखास मेसेज येतो, "बरा आहेस ना?" थोडक्यात, हजेरीच ती.

इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यातल्या या खेड्यात राहायला आलो तेव्हा पहिला पंधरवडा मजेत गेला. दगडी घरं, धुक्यातला चर्चचा मनोरा, लाल टेलिफोन बूथ. (बूथमध्ये फोन नाही. टेलिफोन कंपनीने असे जुने बूथ पौंडा-पौंडाला गावांना देऊन टाकले. आमच्या बूथमध्ये हृदयाचे ठोके कोलमडले तर विजेचा झटका द्यायचं यंत्र टांगलंय.) सोळाव्या दिवशी कॅलेंडरवर शोभण्यासारखं गावात काही उरलं नाही. त्याच दिवशी आईने विचारलं, "सगळं छान आहे रे, पण माणसं कुठायत?"

नव्हतीच. तिला सवय कृष्णेच्या घाटाची, जिथे माणूस चुकवून फोटो काढायचा तर पहाटे उठावं लागतं. इथे शंभर एकरांत एक ट्रॅक्टर, त्यात एक माणूस, तोही काचेआड. बाकीचं गाव सकाळीच मोटारी घेऊन कामाला गेलेलं. समोरून कुत्रा फिरवत कोणी आलंच, तर हवेबद्दल दोन वाक्यं होतात. पण म्हणून त्याच्या तोंडासमोर मोबाइल धरवत नाही.

मग मी माणसांनी मागे ठेवलेल्या वस्तूंकडे वळलो. फाटकापाशी अंड्यांचे खोके, शेजारी पैसे टाकायला बरणी. आई म्हणाली, "आणि कोणी तशीच उचलून नेली तर?" म्हटलं, नेत नाहीत. "पडद्याआडून बघत असेल कोणीतरी," ती म्हणाली. तेव्हापासून तिथून जाताना मी खिडकीकडे बघतो.

नोव्हेंबरात मेंढ्यांचा फोटो पाठवला. निम्म्याअधिक मेंढ्यांचे पुठ्ठे निळे. आईचा लगेच प्रश्न, "यांच्यावर रंग कोणी उधळला?" आता आली पंचाईत. इथे मेंढ्याच्या छातीला पट्ट्याने रंगाची वडी बांधतात आणि त्याला कळपात सोडतात. जिच्या पाठीवर रंग उमटला, तिचं काम झालं. पंधरा-सतरा दिवसांनी वडीचा रंग बदलायचा, म्हणजे कोण आधी विणार, कोण नंतर, याचा हिशोब नुसता बघून लागतो. हे आईला फोनवर कसं सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात तीच म्हणाली, "बरं बरं, कळलं. हुशार आहेत."

डिसेंबर कठीण. चारला अंधार, त्याआधी करडं आभाळ, करडा रस्ता. ओळीने सात-आठ फोटो इतके सारखे, की आईने एकदा सुनावलं, "हा कालचाच." कालचा नव्हता. तासाभराने तिचाच मेसेज, "नाही रे, कुंपण खुजं झालंय." मी परत पाहिलं. खरंच, झुडपांचं कुंपण ट्रॅक्टरने छाटलं होतं. पक्ष्यांच्या विणीमुळे मार्च ते ऑगस्ट शेतकऱ्याला त्याला हात लावता येत नाही, म्हणून ही कामं थंडीत. रोज तिथून जाऊन मला दिसलं नव्हतं, ते तिला साडेचार हजार मैलांवरून दिसलं.

गेल्या महिन्यात सायकल मारत लेकॉकला गेलो. जवळच आहे. तिथल्या जुन्या मठाच्या वाड्यात फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक, हेन्री फॉक्स टॅल्बट राहायचा. 1835 च्या ऑगस्टमध्ये त्याने घरातल्याच एका जाळीदार खिडकीचा फोटो काढला. कॅमेऱ्यातून निघालेली, आज हयात असलेली सर्वांत जुनी निगेटिव्ह ती, पोस्टाच्या तिकिटाएवढी. ती नवी असताना भिंग लावलं तर दोनशेच्या आसपास काचा मोजता यायच्या, असं त्याने शेजारी लिहून ठेवलंय. त्याच्या कॅमेऱ्यांच्या छोट्या लाकडी पेट्यांना बायको उंदराचे सापळे म्हणायची. पण माझा जीव अडकला तो त्याच्या 1844 च्या फोटोत: उघडं दार, आत काळोख, भिंतीला कंदील आणि लगाम, आणि दाराला तिरका टेकवलेला खराटा. माणूस नाही. पण झाडता झाडता कोणाला तरी आतून हाक आली आणि ते माणूस 'आलो' म्हणत गेलंय, एवढं नक्की.

त्या दिवशी आईला तोच फोटो पाठवला. सगळी हकिकतही लिहिली. पावणेदोनशे वर्षांवर होऊन गेली, फोटोग्राफीच्या अगदी सुरुवातीच्या काळातला फोटो, वगैरे.

उत्तर आलं, "खराटा असा उभा ठेवू नये. लक्ष्मी असते ती."

दुसऱ्या दिवशी पाऊस होता, लांब जाता आलं नाही. मागच्या दाराशी आमचा खराटा उभा होता. तो आधी आडवा केला, मग फोटो काढला.