जेवायच्या वेळेला घरी: साताऱ्याहून तीन रविवार, तीन गड

साताऱ्यात पाहुणा आला की पहिला प्रश्न कासचा असतो. कासचे पठार २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेले, ते त्या मानाचेच आहे आणि प्रत्येकाने एकदा तरी पाहावे. पण ते आधी नोंदणी करून, आठवड्याच्या मधल्या वारी. फुलांच्या दिवसांत रविवारी यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची जी रांग लागते, तिच्यात अर्धा दिवस जातो आणि पोरे कंटाळून जातात. वासोट्याचे तर वेगळेच. बामणोलीहून लाँच, वनखात्याची परवानगी, मग जंगलातली चढण, म्हणजे पहाटेपासून संध्याकाळपर्यंतचा मामला. तो 'सहज जाऊन येऊ' असा गड नाही.

म्हणून यंदा दिवाळीनंतर दादाने आणि मी ठरवले, तीन रविवार तीन गड. अट एकच, सकाळी सहाला घर सोडायचे आणि जेवायच्या वेळेला परत यायचे. बरोबर वहिनी आणि सहावीतली तनू. एकाहत्तर वर्षांचे आबा जमेल तिथे येणार होते. मी हायस्कूलला भूगोल शिकवते, त्यामुळे डोंगर दिसला की माझे बोलणे लांबते. वाचताना तेवढे सांभाळून घ्या.

पहिला रविवार कल्याणगडाचा. गावात त्याला नांदगिरीचा किल्लाच म्हणतात. साताऱ्याहून सातारारोडमार्गे नांदगिरी साधारण पंचवीस किलोमीटर, पाऊण तासाची वाट. आम्ही पोहोचलो तेव्हा नुकते फटफटत होते आणि गावात चुली पेटलेल्या. गाडी लावताना एक ध्यानात ठेवा. या दिवसांत मोकळी दिसणारी जागा बहुतेक कुणाचे तरी खळे असते. आम्ही शेजारच्या घरी विचारले, तर तिथल्या मावशींनी दारातच जागा करून दिली. विचारून लावलेल्या गाडीकडे दिवसभर कुणाचे तरी लक्ष राहते, हा वरचा फायदा.

वाट गावामागून चढते. पाऊस संपून दीड महिना झालेला, गवत कमरेएवढे आणि पिवळे पडलेले. पायात बूट आणि पूर्ण लांबीची जाडसर पँट हवीच. वहिनीने पातळ लेगिंग घातली होती. अर्ध्या तासात तिच्या पोटऱ्यांवर कुसळांचा थर बसला आणि पहिल्या दरवाज्यापाशी बसून दहा मिनिटे आम्ही दोघी ती एकेक वेचत होतो. मोजे घोट्याच्या वरपर्यंत आले पाहिजेत, आणि शक्यतो लोकरी नकोत, लोकरीत कुसळ रुतते ते निघत नाही.

तनूच्या चालीने दरवाज्यापर्यंत तास लागला. मोठी माणसे पाऊण तासात जातील. दरवाज्यातून आत आले की एक वाट वर बालेकिल्ल्याकडे जाते आणि एक खाली, कड्याला बिलगून, भुयाराकडे. लोक आधी वर जातात आणि उतरताना दमलेले असतात म्हणून भुयार सोडून देतात. तसे करू नका. या गडाचे सगळे वेगळेपण त्या भुयारात आहे. पाय ताजे असताना आधी तिथे जा.

भुयाराच्या तोंडाशी पिशव्या ठेवल्या, पँटी गुडघ्यावर दुमडल्या. आत बारमाही पाणी असते. आम्ही गेलो त्या दिवशी माझ्या गुडघ्याच्या वर होते आणि तनूच्या कमरेला लागत होते. पावसाळ्याच्या तोंडावर आणखी कमी मिळेल, ऑगस्ट-सप्टेंबरात बरेच जास्त. पहिले पाऊल टाकले तेव्हा पाणी इतके नितळ होते, की टॉर्चच्या उजेडात तळाचा दगड न् दगड दिसत होता. दादा पुढे चार पावले गेला आणि तळचा गाळ ढवळून सगळे दुधी झाले. तेव्हा तळ नीट पाहायचा असेल तर पहिला नंबर लावा. कठड्याला धरत, पाय घासत घासत पुढे सरकायचे. छत मधे मधे खाली येते, वटवाघळे डोक्यावरून जातात, आणि गारवा असा की बोलताना आपोआप आवाज खाली येतो. शंभरेक फूट आत गेले की समोर देव. डोक्यावर नागफणा असलेली पार्श्वनाथांची मूर्ती आणि जवळच दत्त. कुणीतरी आदल्या दिवशी वाहिलेली झेंडूची फुले अजून टवटवीत होती. जैन तीर्थंकर आणि दत्तमहाराज एकाच अंधारात, एकाच पाण्याच्या पलीकडे, आणि गावातली माणसे दोघांनाही सारख्याच हाताने फूल वाहतात. तनू काही न बोलता हात जोडून उभी राहिली. एरवी तिची टकळी थांबत नाही.

हे पाणी येते कुठून, हा तिचा बाहेर आल्यावरचा पहिला प्रश्न. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला आहे. काही थर सच्छिद्र, भेगाळ; काही एकदम घट्ट. पावसाचे पाणी वरच्या भेगाळ खडकातून मुरत खाली येते आणि घट्ट थर लागला की तिथेच अडते, आडवे पाझरते. गडांवर जिथे जिथे टाकी आणि भुयारी पाणी आहे, तिथे कोरणाऱ्यांनी ही जागा बरोबर ओळखलेली आहे. मी वर्गात फळ्यावर थर काढते तेव्हा मुले वहीत उतरवून घेतात, पण तनूला ते ओल्या पायांनी समजले.

भुयारासाठी दोन गोष्टी कळकळीने सांगते. मोबाइलच्या उजेडावर जाऊ नका. एक हात कठड्याला, एक मोबाइलला, मग लेकराला धरायला हात उरत नाही. दादाचा मोबाइल निसटता निसटता राहिला. डोक्याला बांधायचा टॉर्च दोघांत एक तरी हवाच. आणि आत उदबत्ती किंवा कापूर पेटवू नका, हवा कोंदट आहे. बाहेरच्या कड्याकपारींनाही धूर नको. अशा कड्यांना आग्या मोहोळ असते आणि धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा याने ते उठले तर पळायला जागा नाही. पायात पट्ट्याची सँडल ठेवा, तळाला खडे टोचतात.

वर माथ्यावर मारुती, गणपती, दर्गा, तळी, जोत्यांचे अवशेष. वारा भन्नाट. न्याहारीला धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि काकड्या नेल्या होत्या. काकडी नक्की न्या, तहानेला पाण्याइतकीच कामाला येते. एका बाजूला जरंडेश्वराचा डोंगर. मारुतीराया द्रोणागिरी घेऊन जाताना त्याचा तुकडा पडला तो हा, असे आपल्याकडे सांगतात. दुसऱ्या बाजूला चंदन-वंदनची जोडी. लहानपणापासून पुण्याच्या रस्त्यावरून पाहिलेली ती जोडी इथून अगदी निराळी दिसते, मला तर आधी ओळखूच आली नाही.

उतरताना चुकलो. गवतात वाटांचे जाळे असते आणि त्यात निम्म्या गुरांच्या. आम्ही बोलण्याच्या नादात एक मळलेली वाट धरली आणि दहा मिनिटांत ती कड्याच्या काठाला लागली. खालच्या बांधावरून एका आजींनी हाक मारली, "अगं बया, हिकडनं कुठं उतरताय? ही ढोरांची वाट हाय, फुडं कडा हाय. माघारी फिरा आन् त्या निवडुंगापासनं खाली या!" निवडुंगापाशी आलो आणि वाट सापडली. तेव्हापासून आमचा नियम आहे, चढताना प्रत्येक फाट्यावर मागे वळून एक फोटो काढायचा. उतरताना डोंगर उलटा दिसतो, चढतानाची ओळख उपयोगी पडत नाही. त्याच आजींच्या घरून दोन किलो वाघ्या घेवडा घेतला. कोरेगावच्या या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि आमटीला त्याची सर दुसऱ्या कशाला नाही. साडेबाराला घरी होतो.

दुसऱ्या रविवारी आबांना घेऊन वर्धनगड. साताऱ्याहून कोरेगाव ओलांडून पुसेगावच्या वाटेवर, तीसेक किलोमीटर. गड पंढरपूर रस्त्याला लागूनच आहे, त्यामुळे गाडी नसली तरी पुसेगाव-दहिवडीकडे जाणाऱ्या एसटीने पायथ्याला उतरता येते. चढ अर्ध्या तासाचा. आबा दर वळणावर टेकत पन्नास मिनिटांत आले. गोमुखी दरवाजा असा वळवून बांधलाय, की समोर उभे राहूनही दिसत नाही. भिंतीच्या कुशीत शिरल्यावरच कळतो. तटबंदी बरीच शाबूत आहे आणि तिच्या कडेने सबंध फेरी मारता येते. वर वर्धनीमातेचे देऊळ. शिवाजी महाराजांनी बांधलेला हा गड १७०१ मध्ये मोगलांकडे गेला, त्यांनी त्याचे नाव सादिकगड ठेवले, आणि पुढे तो परत मराठ्यांकडे आला.

मला इथून हलावेसे वाटत नव्हते, ते वेगळ्याच कारणाने. तटावर उभे राहून पश्चिमेला पाहिले तर कोरेगावचे हिरवे रान, ऊस, आले. मान वळवून पूर्वेला पाहिले तर खटाव, पलीकडे माण. रंगच बदलतो, भुरा, तांबूस, मोकळा मुलूख. गड दोन तालुक्यांच्या सीमेवर आहे, पण खरी सीमा पावसाची आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्याच्या या पूर्व टोकाला पाचशेच्या आसपास. पर्जन्यछाया हा शब्द मी वीस वर्षे शिकवतेय. एका भिंतीवर उभे राहून तिचे दोन्ही काठ दिसण्याची अशी जागा मला दुसरी ठाऊक नाही. आबा म्हणाले, "बाहत्तरच्या दुष्काळात ह्याच बाजूची माणसं आपल्याकडं खडी फोडायला आली होती." मग बराच वेळ आम्ही कुणीच काही बोललो नाही.

तिसरा गड सज्जनगड. त्याच्याबद्दल सातारकरांना काय सांगायचे? फक्त एवढेच, की एकदा परळीतून जा. सगळे गाडी घेऊन वरच्या तळापर्यंत जातात आणि उरलेल्या पायऱ्या चढतात. आबांना वहिनीने तसेच नेले आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी तसेच जावे. पण परळी गावातून जुनी वाट निघते. गावातली जुनी महादेवाची देवळे आधी पाहा, तिथल्या खांबांवरचे कोरीव काम हात लावण्याजोगे आहे, पण हात लावू नका. मग तासाभराची चढण, मागे उरमोडीचे पाणी हळूहळू उघडत जाते. समर्थांची समाधी १६८२ ची. दर्शन झाल्यावर परत फिरू नका, गडाच्या टोकाला धाब्याच्या मारुतीपर्यंत जा. दुपारचा महाप्रसाद घेऊन उतरलो, म्हणजे जेवायच्या वेळेला घरी यायची अट त्या दिवशी मोडली, पण समर्थांच्या घरी जेवण झाले.

ज्यांना चालायची सवय नाही त्यांनी आधी दोन आठवडे रोज अजिंक्यताऱ्यावर जावे. डांबरी रस्त्याने नको, पायवाटेने. १७०० साली औरंगजेबाला हा गड घ्यायला साडेचार महिने लागले होते. आपल्याला मंगळाईच्या देवळापर्यंत जायला पाऊण तास पुरतो. तिथे धाप लागायची थांबली की कल्याणगड जमेल.

उरलेले थोडक्यात. माणशी दोन लिटर पाणी घरून न्या, गडावरच्या टाक्यांतले पिऊ नका. कल्याणगड आणि वर्धनगडावर जाण्याआधी बायकांनी सोय घरी किंवा वाटेत कोरेगावला पाहून घ्यावी, वर काही नाही. ऑक्टोबर ते जानेवारी उत्तम. पावसाळ्यात भुयार आणि शेवाळलेल्या पायऱ्या दोन्ही टाळा. फेब्रुवारीनंतर नऊच्या आत माथा गाठा, आणि त्या दिवसांत वाळल्या गवतात काडी, विडी, चूल काही नको. दरवर्षी वणव्याने डोंगरच्या डोंगर काळे होतात आणि त्यात गवतात घरटी करणारी पाखरे जातात.

आणि शक्यतो उजेडात परता. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की कोरेगावच्या रस्त्यावर उसाच्या दुहेरी ट्रॉल्या असतात. कित्येकींना मागे ना दिवा ना लाल पट्टी, त्यात ऊस बाजूला दोन हात बाहेर आलेला. ओव्हरटेक करताना पुढची ट्रॉली दिसते, दुसरी दिसत नाही. आम्ही सकाळी लवकर निघण्याचे निम्मे कारण तेच आहे.