पासवर्ड बरोबर होता, तरीही

मामेभावाच्या दुकानातली उधारीची वही मी वेबवर आणून दिली होती. एका कंटेनरमध्ये (डॉकरच्या बंदिस्त खोलीत) पोस्टग्रेस हा डेटाबेस, दुसऱ्यात वेब, दोन्ही माळ्यावरच्या जुन्या लॅपटॉपवर. घरून एसएसएचने (दुरून लॉगिन करून) शिरायचं, 'डॉकर कंपोज अप' म्हणायचं, की दोन्ही कंटेनर सुरू, झालं.

मग मला शहाणपण सुचलं. डेटाबेसचा पासवर्ड दुकानाच्याच नावाचा होता, तो बदलायला घेतला. एन्व्ह फाइलमध्ये, म्हणजे सेटिंग्जच्या फाइलीत, नवा टाकला, 'डाउन', मग 'अप'. डेटाबेस उभा, वेब मात्र उठतंय नि पडतंय. लॉगमध्ये एकच रड : पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड.

एकेक अक्षर ताडून पाहिलं. शेवटी स्पेस चिकटली असेल म्हणून पुन्हा टाइप केलं. इमेज, म्हणजे कंटेनर ज्यावरून बनतो तो साचा, नव्याने बांधली. 'एक्झेक' करून डेटाबेसच्या कंटेनरमध्ये पीएसक्यूएल (पोस्टग्रेसला कमांड द्यायचं साधन) चालवलं, तर सरळ आत, सगळी उधारी जागेवर! म्हणजे डेटाबेस ठीक, असं धरून दोन तास वेबच्या कोडमध्ये डोकं घातलं. साडेअकराला भावाचा फोन. "दादा, सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत होईल ना?"

पोस्टग्रेसची अधिकृत इमेज एन्व्ह फाइलमधला पासवर्ड फक्त पहिल्यांदा, डेटाची डिरेक्टरी रिकामी असतानाच वापरते. 'डाउन'ने कंटेनर जातात, व्हॉल्यूम, म्हणजे डेटा साठवायची जागा, राहतो, आणि जुना पासवर्ड त्यात. वर कंटेनरच्या आतून येणाऱ्याला ही इमेज पासवर्ड विचारतच नाही. माझी ती तपासणी शुद्ध फुकट गेली. डॉक्युमेंटेशनमध्ये हे लिहिलेलं आहे, म्हणून तर जास्त चिडचिड झाली.

एका मित्राने ऐटीत सांगितलं, "डाउनला व्ही लाव, सुटेल." सुटेलच, कारण व्हॉल्यूमच उडतो, वहीसकट. माझं बोट एंटरवर होतं.

उपाय अर्ध्या मिनिटाचा. पीएसक्यूएलमध्ये 'बॅकस्लॅश पासवर्ड', नवा पासवर्ड दोनदा, की वेब उभं. 'अल्टर यूजर'नेही होतं, पण मग पासवर्ड हिस्टरीत उघडा पडून राहतो.

हे आधी सांगायला हवं होतं : हात लावण्यापूर्वी 'पीजी डंप'ने डेटाबेसचा बॅकअप घ्या. तो 'एक्झेक'मधून फाइलीत वळवताना कॅपिटल '-टी' लावा. आणि डेटाबेस तयार व्हायच्या आधीच वेब धावत सुटत असेल तर कंपोज फाइलीतल्या नुसत्या 'डिपेंड्स ऑन'वर विसंबू नका. ते डेटाबेसचा कंटेनर सुरू झाला एवढंच पाहतं. हेल्थचेकमध्ये 'पीजी इज रेडी' (डेटाबेस तयार आहे का हे पाहणारी कमांड) घालून 'सर्व्हिस हेल्दी'ची अट टाका. त्या रात्री माझा पहिला संशय यावरच होता, बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.