फौजदारी न्यायाचे शिक्षण निवडताना: माझा अनुभव

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना आमच्या गल्लीतल्या एका मुलाला किरकोळ चोरीच्या गुन्ह्यात जामीन मंजूर झाला. परंतु जामीनदार म्हणून उभे राहण्यासाठी सातबारा किंवा पगारपत्रक दाखवू शकेल असे त्यांच्या घरात कोणीच नसल्यामुळे तो पुढचे चार महिने तुरुंगातच राहिला. फौजदारी न्यायव्यवस्थेत काम करायचे हे तेव्हाच माझ्या मनाशी पक्के झाले. मात्र त्यासाठी कोणती पदवी घ्यावी, आणि शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या माझ्या आईच्या मानधनात ती कशी बसवावी, हे ठरवण्यात २०२४ चा उन्हाळा गेला.

सर्वप्रथम हाती आली ती एका खाजगी विद्यापीठाची गुन्हेगारीशास्त्रातील पदव्युत्तर पदवीची गुळगुळीत पुस्तिका. ती घेऊन मी तालुका न्यायालयातील एका वकीलसाहेबांकडे गेले. त्यांनी पाने चाळली आणि एवढेच विचारले, "हे शिकून तुला वकिलीची सनद मिळणार आहे का?" ती मिळणार नव्हती. पदवीचे नाव बाजूला ठेवून ती आपल्याला कोणते काम करू देते हे आधी पाहायचे, ही कसोटी मी तिथून घेऊन आले आणि पुढचा प्रत्येक पर्याय तिच्यावर घासून पाहिला.

न्यायसहायक विज्ञानाचा, म्हणजे फॉरेन्सिक सायन्सचा, विचार मला मनापासून आवडला होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे, आणि त्या विषयाच्या शासकीय संस्था मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. परंतु कला शाखेच्या मुलीला तिथे दार बंद होते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतील गुन्हेगारीशास्त्र आणि न्याय या विषयाचा समाजकार्याचा अभ्यासक्रम मला अजूनही मोलाचा वाटतो, कारण त्या संस्थेचा 'प्रयास' हा उपक्रम १९९० पासून कच्च्या कैद्यांसोबत, म्हणजे खटल्याचा निकाल लागण्याआधीच तुरुंगात असलेल्यांसोबत, काम करतो आहे. तथापि मुंबईत राहण्याचा खर्च आम्हाला पेलणारा नव्हता, आणि न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार त्यानेही मिळाला नसता. नोकरी सांभाळून दूरस्थ पद्धतीने एलएल.बी. ही कायद्याची पदवी करावी, तर वकिलांची नियामक संस्था असलेली बार कौन्सिल तशी पदवी मान्य करीत नाही. उलट प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी लागते.

शेवटी तीन वर्षांची एलएल.बी. ठरली. तिची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, मराठीतूनही देता येते, हा मला मोठाच दिलासा होता.

खरा कस लागला तो महाविद्यालय निवडताना. जुन्या कॅलेंडरच्या पानाच्या मागे आईने आणि मी चार महाविद्यालयांचे चार रकाने आखले. तुकडी अनुदानित की विनाअनुदानित, वसतिगृह आहे का, जिल्हा न्यायालय चालत जाण्याइतके जवळ आहे का, आणि सर्वांत शेवटी, प्रवेशाच्या दिवशी हातात रोख किती लागेल. हा शेवटचा प्रश्न आईने घातला, आणि निर्णय त्यावरच झाला. व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून (कॅप) प्रवेश घेणाऱ्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील इतर मागासवर्गीय मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करणारा शासन निर्णय त्याच जुलैमध्ये निघाला होता. तरीही आमच्या यादीतील पहिल्या महाविद्यालयाने शासनाकडून रक्कम येईपर्यंत सगळे शुल्क भरा, असे सांगितले. मी नियम दाखवला, दोन वेळा लेखी अर्ज दिला, उत्तर आले नाही. दुसऱ्या महाविद्यालयाने केवळ इतर शुल्क घेतले. मी प्रवेश फेरीच्या पसंतीक्रमात त्याचे नाव वर घातले. रिकाम्या राहिलेल्या संस्थास्तरीय, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरते अशा, जागेवर लगेच प्रवेश देतो, असेही एकाने सुचवले होते. परंतु कॅपच्या बाहेर गेले की शुल्कमाफी जाते, हे त्याने सांगितले नाही. हे ज्याच्या त्याच्या कानावर घालावे असे मला फार वाटते.

कागदपत्रांत एक अडचण आली. माझ्या आधारवर आईचे नाव 'शांताबाई' आणि गुणपत्रिकेवर 'शांता' होते, त्यामुळे महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावरील शुल्कमाफीचा अर्ज परत आला आणि सेतू केंद्रात तीन खेपा घालाव्या लागल्या.

आता मी दुसऱ्या वर्षाला आहे. शनिवारी, गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या वकील मॅडमसोबत न्यायालयात बसते आणि ज्यांचा जामीन होऊनही सुटका झालेली नाही अशांची नावे वहीत उतरवून घेते. शुल्कमाफीसाठी लागणारा यंदाचा उत्पन्नाचा दाखला मी मे महिन्यातच काढून ठेवला आहे.