स्मॉग चेकसाठी गाडी फिरवायची असेल तर २८० नको, गिलरॉयकडे जा

"पन्नास-शंभर मैल कशीही फिरवा, होईल रेडी" असं स्मॉग चेकवाले (कॅलिफोर्नियात गाडीच्या धुराची तपासणी करणारे) सांगतात, अजिबात ऐकू नका. बॅटरी काढली की मॉनिटर, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर धुराशी संबंधित भागांच्या ज्या तपासण्या स्वतःच करतो त्यांचे निकाल, पुसले जातात आणि नुसते मैल जमवून परत येत नाहीत. आमची गाडी सॅन होजेच्या ट्रॅफिकमध्ये ऑफिसला जाऊन-येऊन त्याच्या कितीतरी पट चालली, कॅटॅलिस्ट (धूर साफ करणाऱ्या भागाचा मॉनिटर) अपूर्ण तो अपूर्णच. वर त्याच दुकानात म्हणे १८० डॉलर द्या, आम्ही फिरवून आणतो. सरळ लूट आहे ही, वीसेक डॉलरचा ब्लूटूथ स्कॅनर घ्या, फोनला जोडा आणि कुठला मॉनिटर पूर्ण झाला ते स्वतः बघा.

२८० हायवे सगळे सुचवतात, रिकामा असतो म्हणून. पण क्रिस्टल स्प्रिंग्जच्या बाजूला सारखा चढ-उतार, पेडल एका जागी राहतच नाही, इंजिनवरचा लोड बदलत राहतो आणि मॉनिटरची तपासणी अर्धवट सुटते. जाताना तेच, येताना तेच, पेट्रोल जाळून हात दुखले. रस्ता कितीही सुंदर असू दे, या कामाला बाद.

रात्रभर गाडी बंद ठेवा, टाकी पाव ते पाऊण, सकाळी थंड इंजिन सुरू करून दोन-तीन मिनिटं जागेवरच चालू द्या. मग रविवारी पहाटे दक्षिण सॅन होजेत ८५ हायवे जिथे १०१ ला मिळतो तिथून दक्षिणेला गिलरॉयकडे, उजवी लेन, ताशी ५५ मैल, क्रूझ लावून. मागचा वैतागला तरी वेग बदलू नका. स्कॅनर जोडलेला फोन शेजारच्याच्या हातात द्या. सॅन मार्टिनच्या आसपास कॅटॅलिस्ट हिरवा, म्हणजे पूर्ण, झाला आणि आम्ही दोघं गाडीत अक्षरशः ओरडलो! ऑक्सिजन सेन्सर त्याआधीच झाला होता. येताना मॉंटेरे रोडने या, मागे कुणी नसेल तिथे पाय काढून ब्रेक न लावता वेग आपोआप उतरू द्या, काही मॉनिटरना तेही लागतं.

इव्हॅपसाठी (पेट्रोलची वाफ गळते का ते बघणाऱ्या मॉनिटरसाठी) थांबू नका. २००० किंवा त्यानंतरच्या मॉडेलच्या पेट्रोल गाडीला कॅलिफोर्नियात तो एकटा अपूर्ण चालतो, हे दुकानदार सांगत नाहीत. पर्मनंट कोड (स्कॅनरने पुसता न येणारी बिघाडाची नोंद) राहिला असेल तर मात्र बाकीचे कोड पुसल्यापासून १५ वॉर्म-अप (थंड इंजिन पूर्ण गरम होण्याच्या फेऱ्या) आणि २०० मैल होईपर्यंत टेस्टला जाऊ नका, नापास करतील. बाकी सगळं हिरवं दिसलं की त्याच दिवशी टेस्ट उरका, मधे कुणालाही बॅटरीला हात लावू देऊ नका.