गोळ्या की थेरपी, या वादात माझे तीन महिने गेले

डिप्रेशन आहे म्हटल्यावर प्रत्येकाने मला एकच विचारलं, गोळ्या चालू केल्यास की काउन्सेलिंग? जसं काही एकाला हो म्हटलं की दुसऱ्याशी कट्टीच. मी पण तेच धरून बसले आणि थेरपी निवडली, खरं कारण म्हणजे गोळ्यांची भीती, बाकी काही नाही.

थेरपिस्टने सीबीटीची, म्हणजे डोक्यातले विचार तपासून बदलायच्या थेरपीची, वही करायला सांगितली. काय घडलं, डोक्यात काय आलं, त्याला पुरावा काय, असे रकाने. पण मला आंघोळीला दुपार उजाडायची, तिथे पुरावे कोण लिहिणार! वही कोरी ती कोरीच. शेवटी तिनेच म्हटलं, एकदा सायकियाट्रिस्टला दाखवून ये.

गोळीने पहिले दोन आठवडे फक्त मळमळ आणि झोपेचा बट्ट्याबोळ. साइड इफेक्ट आधी येतात, गुण यायला चार-सहा आठवडे जातात, आणि नेमक्या याच काळात लोक गोळी सोडून देतात, मी पण सोडणारच होते. पाचव्या आठवड्यात कधीतरी लक्षात आलं की कप मी पिऊन झाल्या झाल्या विसळून ठेवलाय. आनंद वगैरे काही नाही हां, फक्त अंगावरचं ओझं थोडं कमी. त्या रात्री वही काढली. घडलं काय: साहेबांनी मेसेज वाचून उत्तर दिलं नाही. डोक्यात काय: आता मला काढणार. पुरावा: ... बराच वेळ पेन धरून बसले, काही सुचेना. गोळीने हे केलं नसतं, पण गोळीशिवाय मी पेनच धरलं नसतं.

मग वाचायचं वेड लागलं. 2000 साली एक मोठा अभ्यास आला होता, जुनाट डिप्रेशनचे 681 पेशंट, नुसत्या औषधाने 48 टक्के लोकांना चांगला फरक, नुसत्या थेरपीने पण 48, दोन्ही मिळून 73. (त्यातलं औषध, नेफाझोडोन, पुढे लिव्हरच्या त्रासामुळे बऱ्याच देशांतून गेलं, ते वेगळं.) पण लगेच हुरळून जाऊ नका, कारण 1999 च्या एका अभ्यासात पन्नाशीपुढच्या 156 लोकांना व्यायाम, सर्ट्रालिन (डिप्रेशनची गोळी) किंवा दोन्ही दिलं आणि 16 आठवड्यांनी तिन्ही गट साधारण सारखेच निघाले. म्हणजे दोन गोष्टी जोडल्या की फायदा वाढेलच असं नाही.

माझा गाढवपणा वेगळाच. बरं वाटायला लागल्यावर मी एकाच आठवड्यात पळणं चालू केलं, झोपेची वेळ बदलली, वर सेंट जॉन्स वर्ट मागवलं. डॉक्टर चिडलेच, कारण ही वनस्पती या गोळ्यांबरोबर घेतली तर सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन धोकादायक वाढू शकतं. ती बाटली गेली कचऱ्यात. पण पळण्याने बरं वाटतंय की झोपेने, हे आता मलाही सांगता येत नाही आणि त्यांनाही.

परवा विचारलं, गोळी बंद करू का? म्हणाले, बरं वाटायला लागल्यापासून निदान सहा महिने तरी, आणि मग पण हळूहळू कमी करायची, एकदम नाही. चौथा चालू आहे. वहीची पानं मात्र संपली, नवीन आणायचीय.